कोचचा ईमेल आला म्हणून लगेच हुरळू नका: अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजची बास्केटबॉल टीम घरबसल्या कशी तपासायची

गेल्या वर्षभरात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हा प्रश्न निदान चार वेळा आला असेल, की मुलाला नाहीतर मुलीला अमुक कॉलेजच्या बास्केटबॉल कोचचा ईमेल आलाय, कॅम्पस बघायला बोलावलंय, म्हणजे आता घेतलंच ना, आणि स्कॉलरशिप किती मिळेल? दर वेळी फोनवर तेच तेच सांगते, म्हणून आता एकदा सगळं लिहूनच काढते. माझी लेक डिव्हिजन थ्रीच्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, पॉइंट गार्ड खेळते. तिच्या वेळी आम्ही अकरा कॉलेजं तपासली, पहिल्या तीनच्या वेळी काहीच उमगत नव्हतं, नंतर मात्र एका संध्याकाळी एक कॉलेज उलगडायला लागलं. सगळी माहिती फुकट आहे आणि उघड्यावर आहे, फक्त तीन-चार ठिकाणी विखुरलेली आहे, ती शेजारी शेजारी ठेवली की कोच जे बोलत नाही ते पण दिसायला लागतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. मोठ्या युनिव्हर्सिटीत टीव्हीचा पैसा असतो, तिकिटं विकली जातात, मोठे डोनर असतात. हजार-दीड हजार मुलांच्या खाजगी कॉलेजात यातलं जवळजवळ काही नसतं, तिथे टीम चालते ती मुलांच्या फीवर, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. खेळाडू हा तिथे सगळ्यात आधी फी भरणारा विद्यार्थी असतो. यात काही वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, त्या फीमुळेच तर माझ्या मुलीसारखी पाच फूट चार इंचांची मुलगी कॉलेजात बास्केटबॉल खेळू शकतेय. पण हे एकदा कळलं की रोस्टर म्हणजे टीमची यादी एवढी मोठी का, असिस्टंट कोच पार्ट टाइम का, आणि एवढे ईमेल का येतात या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं.

लेव्हल पटकन सांगते. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना, तिचे तीन डिव्हिजन. डिव्हिजन वन म्हणजे टीव्हीवर दिसतं ते. डिव्हिजन टूमध्ये खेळाची स्कॉलरशिप असते पण ती फोडून वाटतात, बास्केटबॉलच्या एका टीमला जास्तीत जास्त १० पूर्ण स्कॉलरशिपएवढी रक्कम आणि ती पंधरा-सोळा जणांत वाटलेली, त्यामुळे तिथे स्कॉलरशिप मिळाली याचा अर्थ पाव फी माफ झाली एवढाच पण असू शकतो. डिव्हिजन थ्री सगळ्यात मोठा, चारशेच्या वर कॉलेजं, आणि तिथे खेळासाठी म्हणून एक डॉलर पण देता येत नाही, नियमच आहे. जे मिळतं ते मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना, तिथली बरीचशी छोटी कॉलेजं खेळाची स्कॉलरशिप देतात, आणि दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं बहुतेक एनजेसीएए या त्यांच्या वेगळ्या संघटनेत. आम्ही ओहायोत राहतो, इथे केनयन, डेनिसन, वूस्टर, ओबर्लिन, ओटरबाइन अशी डिव्हिजन थ्रीची कॉलेजं इतकी जवळजवळ आहेत की आमचा सगळा शोध त्याच लेव्हलला झाला, म्हणून पुढचं बहुतेक सगळं डिव्हिजन थ्री डोळ्यापुढे ठेवून लिहितेय.

रोस्टर आधी मोजा, मग वाचा

कॉलेजच्या ॲथलेटिक्सची वेबसाइट वेगळी असते, तिथे विमेन्स बास्केटबॉल किंवा मेन्स बास्केटबॉल, त्याखाली रोस्टर. नंबर, नाव, पोझिशन, वर्ष, उंची, गाव, हायस्कूल एवढं सगळं टेबलमध्ये मिळतं. आपण पालक काय करतो, फोटो बघतो आणि कुणी भारतीय नाव दिसतंय का ते शोधतो. मी पण तेच केलं होतं. त्याऐवजी वर्षाचा कॉलम धरा आणि मोजा, फ्रेशमन (पहिलं वर्ष) किती, सोफोमोर (दुसरं) किती, ज्युनियर (तिसरं) किती, सीनियर (चौथं) किती.

एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगते, कॉलेजचं नाव घेत नाही. डिसेंबरची संध्याकाळ, जेवणं झालेली, किचन टेबलावर लॅपटॉप आणि लेकीच्या हातात पिवळा हायलायटर. रोस्टरचा प्रिंट काढला तर २४ नावं, फ्रेशमन ११, सोफोमोर ७, ज्युनियर ४ आणि सीनियर फक्त २. ती म्हणाली, आई मस्त आहे ना, यंग टीम आहे. मग आम्ही त्याच पानावरचा सीझनचा ड्रॉपडाउन उघडला आणि तीन वर्षांपूर्वीचं रोस्टर काढलं. तेव्हा फ्रेशमन होत्या १०. एकेक नाव घेऊन ती आताच्या यादीत शोधायला लागली, सापडलं की हायलाइट करायचं, आणि दहातल्या दोनच नावांवर पिवळी रेघ आली. आठ मुली मधल्या मधे गेल्या. मग त्याच्या मागच्या वर्षीचं काढलं, तिथे पण तीच गत. टीम यंग होती याचं कारण तिथे कोणी टिकतच नव्हतं, दर वर्षी दहा-अकरा नव्या मुली आणायच्या आणि त्यातल्या दोन-तीन उरायच्या. लेकीने हायलायटरचं टोपण लावलं आणि काही बोललीच नाही, पण त्यानंतर कुठल्याही कॉलेजचं नाव निघालं की ती आधी तीन वर्षांपूर्वीचं रोस्टर उघडायला लागली, मला सांगावं पण लागलं नाही.

तुम्ही हे कमीत कमी चार सीझनचं करा. एखादी मुलगी दुखापतीने सोडते, एखादी ट्रान्सफर होते, कुणाला इंजिनीअरिंगचा अभ्यास झेपत नाही, हे सगळीकडे होणारच. चारातली एक-दोन गेली तर चालतं, दहातल्या आठ गेल्या तर मग कोचला विचारायलाच हवं.

दुसरं म्हणजे मिनिटं. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची, मुलांची दोन हाफमध्ये आणि मुलींची २०१५-१६ पासून चार क्वार्टरमध्ये, आणि कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. यापेक्षा एक मिनिट जास्त कुठून आणणार. स्टॅटिस्टिक्सच्या पानावर प्रत्येकीची सरासरी मिनिटं दिलेली असतात आणि किती मॅच खेळली तो आकडा पण असतो. बहुतेक कोच आठ-नऊ जणींवरच सीझन काढतात. रोस्टर २४ चं आणि मिनिटं खाणाऱ्या नऊ, तर उरलेल्या पंधरा जणी रोज दोन-अडीच तास प्रॅक्टिस करून बेंचवर बसतात किंवा जेव्ही खेळतात. जेव्ही म्हणजे ज्युनियर व्हर्सिटी, मोठं रोस्टर ठेवणारी कॉलेजं मुलांना तिथे खेळवतात आणि ते खरोखर चांगलं असू शकतं, पण किती मॅच होतात ते विचारा, काही ठिकाणी जेव्हीच्या सीझनभरात चार-पाचच मॅच होतात.

मग पोझिशन. आपल्या मुलीच्या पोझिशनला पुढच्या वर्षी कोण उरतंय ते बघा. गार्ड असेल तर गार्डांचीच यादी करा, त्यातल्या सीनियर वजा करा, सोफोमोर आणि फ्रेशमनमधल्या ज्यांना आत्ताच वीस-पंचवीस मिनिटं मिळतायत त्यांच्यापुढे खूण करा, त्या अजून दोन-तीन वर्षं तिथेच असणार आहेत. आणि आधीची शाळा हा कॉलम पण वाचा, तिथे हायस्कूलऐवजी दुसऱ्या कॉलेजचं नाव असेल तर ती ट्रान्सफर. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, सुरू झाल्यापासून कोचला तयार खेळाडू शोधणं सोपं झालंय, जी टीम दर वर्षी तीन-चार ट्रान्सफर घेते तिथे हायस्कूलमधून येणाऱ्या मुलीला जास्त वाट बघायला लागते हे धरून चला.

याला अपवाद असतात हे पण सांगते, नाहीतर तुम्ही मोठं रोस्टर दिसलं की लगेच नाव खोडाल. आयोवामधलं ग्रिनेल कॉलेज. तिथे डेव्हिड आर्सेनो नावाच्या कोचने अशी पद्धत बसवली की आइस हॉकीसारखे पाच-पाच जणांचे गट मिनिटभराच्या आत बदलत राहायचे, सतत प्रेस करायचं, सतत थ्री पॉइंटर मारायचे. अशा टीमला पंधरा-वीस जण खरोखर लागतात आणि खेळतात पण. २० नोव्हेंबर २०१२ ला याच ग्रिनेलच्या जॅक टेलरने एका मॅचमध्ये १३८ पॉइंट केले होते, १०८ शॉट मारून, ते तुम्ही कदाचित तेव्हा बातम्यांत वाचलं असेल. म्हणून नुसता रोस्टरचा आकडा धरू नका, तो नेहमी मिनिटांच्या शेजारी ठेवून बघा.

आणि नुसत्या हार-जितीवर पण जाऊ नका. कॅलटेकची पुरुषांची टीम आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दर वर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, १९८५ पासून सलग ३१० मॅच हरली होती, २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटलविरुद्ध ४६-४५ अशी एका पॉइंटने जिंकली तेव्हा लोक कोर्टवर धावून आले. हरणाऱ्या टीममध्ये पण चार वर्षं मनापासून खेळणारी मुलं असतात. मी टिकणारी मुलं बघते, जिंकणारी नंतर.

कोचिंग स्टाफ

स्टाफ डिरेक्टरी म्हणून पान असतं, तिथे हेड कोच आणि असिस्टंट. हेड कोचची पहिली तारीख बघायची, किती वर्षं इथे आहे. दहा वर्षं असेल तर रोस्टरवरची मुलं टिकण्या-न टिकण्याचं श्रेय आणि दोष दोन्ही त्याचं. पहिलंच किंवा दुसरंच वर्ष असेल तर मागचे आकडे आधीच्या कोचचे, ते याच्या माथी मारू नका, त्याऐवजी तो आधी जिथे होता तिथलं रोस्टर काढा आणि तोच हायलायटरचा उद्योग तिथे करा.

असिस्टंटच्या बायोमध्ये छोट्या कॉलेजात हमखास दुसरं पद लिहिलेलं असतं, अॅडमिशन ऑफिस, कम्प्लायन्स म्हणजे नियम पाळले जातायत का ते बघणं, इक्विपमेंट, नाहीतर ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे तिथेच मास्टर्स करणारी मुलगी जी दोन वर्षांत जाणार. एका व्हिजिटला आम्ही बघितलं, असिस्टंट कोच वॉशिंग मशीनमधून जर्सी काढून नंबरप्रमाणे घड्या घालत होती. तिने सांगितलं की सकाळी ती अॅडमिशनला काम करते, दुपारी प्रॅक्टिस, आणि जवळच्या मॅचला व्हॅन पण तीच चालवते. इतकी मनापासून बोलली ती, प्रत्येक मुलीचं मेजर तिला पाठ होतं. पण रात्री अकराला मॅचवरून दमून परत येताना बर्फात ती व्हॅन चालवणार हे माझ्यातल्या आईने टिपून ठेवलं, आणि तेव्हापासून किती अंतरापर्यंत व्हॅन आणि कुठून पुढे ड्रायव्हरसकट बस हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला. तुम्ही पण विचारा, चांगले कोच याचं उत्तर लगेच देतात. शिवाय ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे दुखापती बघणारे फुल टाइम किती आहेत आणि प्रत्येक प्रॅक्टिसला हजर असतात का हे पण, गुडघ्याची दुखापत व्हायला कॉलेज मोठं-छोटं बघत नाही.

पार्ट टाइम म्हणजे कमी दर्जाचा असं मात्र समजू नका. सोनिया रमण यांचं उदाहरण मी सगळ्यांना देते. भारतीय वंशाच्या, टफ्ट्सला डिव्हिजन थ्री खेळल्या, मग कायद्याची डिग्री घेतली, वकिली सांभाळत वेलस्लीला असिस्टंट कोच होत्या, नंतर एमआयटीच्या मुलींच्या टीमच्या १२ वर्षं हेड कोच आणि तिथून २०२० मध्ये थेट एनबीएच्या मेम्फिस ग्रिझलीजच्या कोचिंग स्टाफवर. एमआयटी पण डिव्हिजन थ्रीच बरं का. त्यामुळे पद काय लिहिलंय यापेक्षा माणूस किती वर्षं टिकतो ते बघा, असिस्टंट दर वर्षी बदलत असेल तर मुलीला रोजचं शिकवणार कोण हा प्रश्न उरतो.

आणि कोच कधीही जाऊ शकतो हे मनाची तयारी म्हणून सांगते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने फक्त कोचवर जीव टाकून कॉलेज निवडलं, मे महिन्यात डिपॉझिट भरलं आणि जूनमध्ये कोच दुसऱ्या नोकरीवर गेले. नव्या कोचने त्याला ओळखलं पण नाही. म्हणून उद्या बास्केटबॉल नसलंच तरी मूल इथे राहील का हा प्रश्न घरात आधी विचारून घ्या.

पैशाचं पान कुठे आहे

हा भाग बहुतेक पालकांना माहीतच नसतो. अमेरिकेत १९९४ चा कायदा आहे, इक्विटी इन ॲथलेटिक्स डिस्क्लोजर ॲक्ट, त्याप्रमाणे मुलं-मुली दोघं शिकत असलेल्या आणि फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या टीमचे आकडे दर वर्षी शिक्षण खात्याला द्यावे लागतात. त्याला सगळे इआडा म्हणतात. गुगलवर इक्विटी इन ॲथलेटिक्स डेटा ॲनालिसिस टाका, शिक्षण खात्याची साइट येईल, तिथे एका कॉलेजचा डेटा असा पर्याय निवडून कॉलेजचं नाव द्या. लॉगिन नाही, पैसे नाहीत. आकडे वर्ष-दीड वर्ष मागचे असतात, चालतं. फक्त मुलींची कॉलेजं यात सापडणार नाहीत, कायदा त्यांना लागू नाही, उगाच शोधत बसू नका.

आत गेलात की पहिला टॅब खेळाडूंच्या संख्येचा. हा आकडा आणि वेबसाइटवरचं रोस्टर बहुतेकदा जुळत नाही, कारण इथे पहिल्या मॅचच्या दिवशी टीमबरोबर असलेले सगळे मोजतात, जेव्हीवाले आणि नुसती प्रॅक्टिस करणारे पण. मुलींच्या टीमविरुद्ध सरावाला जी मुलं येतात ती मुलं सुद्धा मुलींच्या टीमच्या आकड्यात धरली जातात, हे वाचून मी थक्क झाले होते. त्यामुळे इथे २६ आणि रोस्टरवर १७ दिसले तर मधले नऊ कोण हे कोचला विचारायचं.

मग कोचेसचा टॅब. फुल टाइम किती, पार्ट टाइम किती ते इथे नेमकं कळतं, टीमप्रमाणे. पगार मात्र टीमप्रमाणे नसतात, मुलांच्या सगळ्या टीम मिळून एक सरासरी आणि मुलींच्या सगळ्या टीम मिळून एक, असिस्टंटची तशीच वेगळी. त्यामुळे तो आकडा बघून बास्केटबॉल कोचला एवढेच मिळतात असं धरू नका, आणि कोच दिवसाचा अर्धा वेळ वर्गावर शिकवत असेल तर शिकवण्याचा पगार यात नसतो. पण मुलांच्या टीमचे हेड कोच आणि मुलींच्या टीमचे हेड कोच यांच्या सरासरीत जर प्रचंड तफावत असेल तर मुलीचे आईबाप म्हणून तुम्हाला ते माहीत असायला हवं. शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभाव करू नका असं सांगणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा आहे, पन्नास वर्षं उलटून गेली, तरी मुलींची टीम कमी पगाराच्या स्टाफवर भागवणारी कॉलेजं आहेत, आणि तुम्ही विचारलं नाही तर कोणी सांगत नाही.

खर्चाच्या टॅबमध्ये ऑपरेटिंग म्हणजे गेम डेचा खर्च शोधा. प्रवास, हॉटेल, जेवण, जर्सी, इक्विपमेंट, रेफ्री हे सगळं यात येतं. टीमच्या ओळीत एकूण रक्कम आणि दर खेळाडूमागे किती ते पण दिलेलं असतं. हाच आकडा मी सगळ्यात आधी बघते. त्याच कॉन्फरन्समधली चार कॉलेजं काढा, सगळी एकाच मार्गावर प्रवास करतात, एकमेकांच्या जिममध्येच खेळतात, त्यामुळे खर्च साधारण सारखा असायला हवा. एखादं कॉलेज निम्म्यावर असेल तर ते कुठेतरी कापतंय, जेवणात, हॉटेलच्या खोल्यांत, नाहीतर बुटांत. आणि मुलांच्या व मुलींच्या बास्केटबॉलचे दोन आकडे शेजारी ठेवा, दोघांच्या मॅच जवळजवळ सारख्या, अंतर सारखं, बस पण बऱ्याचदा एकच, मग फरक का?

आता सगळ्यात फसवा आकडा, रेव्हेन्यू. छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉलपुढे रेव्हेन्यू आणि खर्च अगदी डॉलरला डॉलर जुळलेले दिसतील. माझा नवरा अकाउंट्सवाला, तो म्हणाला हे अशक्य आहे, आणि त्याचं बरोबर होतं. कॉलेज आपल्या तिजोरीतून टीमला जे पैसे देतं ते पण इथे टीमची कमाई म्हणून दाखवलं जातं, म्हणजे खर्च झाला तेवढा वरून टाकला आणि हिशोब जुळवला. नफा नाही, तोटा नाही, फक्त जुळवणी. एनसीएएचा एवढा पैसा जातो कुठे म्हणाल तर त्यातला फक्त ३.१८ टक्के सगळ्या डिव्हिजन थ्रीसाठी राखलेला आहे आणि तो पण मुख्यतः नॅशनल चॅम्पियनशिप भरवण्यात जातो. कॉलेजच्या हाती टीम चालवायला तिथून काही येत नाही.

मग कॉलेज टीम का चालवतं? कागदावर गणित मांडा. समजा कॉलेजची छापील फी राहण्या-जेवणासकट ६०,००० डॉलर, पण मेरिटच्या नावाखाली सवलत देऊन एक घर प्रत्यक्षात भरतं २८,०००. रोस्टर १५ वरून २५ केलं तर दहा मुलांचे वर्षाला २,८०,००० डॉलर वाढले. एक पार्ट टाइम असिस्टंट, थोड्या जर्सी आणि जेव्हीच्या काही मॅच यांचा खर्च त्यापुढे किरकोळ. म्हणूनच कोचला काही ठिकाणी वर्षाला अमुक इतकी मुलं आणायचीच असा आकडा दिलेला असतो. मी एका कोचला फोनवर सरळ विचारलं की तुम्हाला असं टार्गेट आहे का, त्यांनी दोन सेकंद थांबून हो म्हटलं, किती ते पण सांगितलं, आणि मला तो माणूस आवडला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही, तुम्ही वर्षाला पंचवीस-तीस हजार डॉलर देणार आहात, मोकळेपणाने विचारा.

आणि कॉलेजच टिकणार आहे का हे पण बघा, हे मी गंभीरपणे सांगतेय. अलाबामामधलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज, १८५६ पासूनचं, ३१ मे २०२४ ला बंद झालं, आणि त्याच दिवशी त्यांची बेसबॉल टीम ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळत होती. टीम उत्तम होती, कॉलेजकडे पैसा नव्हता. आयोवा वेस्लियन आणि मिशिगनचं फिनलँडिया २०२३ मध्ये बंद झाली, न्यूयॉर्कमधलं वेल्स २०२४ मध्ये. खाजगी कॉलेजांसाठी शिक्षण खातं फायनान्शियल रिस्पॉन्सिबिलिटी कॉम्पोझिट स्कोअर काढतं, उणे १ ते ३ पर्यंत, १.५ किंवा वर असेल तर ठीक, त्याखाली असेल तर विचारपूस करा, १ च्या खाली असेल तर मी तरी मुलीला पाठवणार नाही. शिवाय खाजगी नॉन प्रॉफिट कॉलेजचा टॅक्सचा फॉर्म ९९० प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर साइटवर फुकट बघायला मिळतो, पाच वर्षांचे काढा, दर वर्षी तोटा आहे का आणि फीचं उत्पन्न घसरतंय का एवढं बघितलं तरी पुष्कळ. कोचचा पगार त्यात सापडेल म्हणून शोधू नका, त्यात फक्त वरच्या पगारांची नावं असतात.

आपल्या घरचा हिशोब

कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, फेडरल मदत घेणाऱ्या कॉलेजला तो ठेवावाच लागतो. कोचशी पहिला फोन व्हायच्या आधी तो भरा. एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांच्या आईबापांनी एवढं लक्षात ठेवा की फाफ्सा या सरकारी अर्जातून मिळणारी फेडरल मदत आपल्याला लागू नाही, कॉलेजचं स्वतःचं मेरिट मिळू शकतं, ते कॉलेजागणिक वेगळं, लेखी विचारून घ्या.

डिव्हिजन थ्रीमध्ये मदत खेळाशी बांधता येत नाही, याची चांगली बाजू म्हणजे मुलीने दुसऱ्या वर्षी बास्केटबॉल सोडलं तरी मेरिट जायचं कारण नाही. एनएआयए किंवा डिव्हिजन टूमध्ये खेळाची स्कॉलरशिप बहुतेकदा एकेका वर्षाची असते, पुढच्या वर्षी कमी होऊ शकते का हे सही करायच्या आधी विचारा. आणि चांगल्या नावाच्या डिव्हिजन थ्री कॉलेजात कोच अॅडमिशन ऑफिसकडून प्री-रीड करून घेतात, म्हणजे मार्क आधीच बघून शक्यता सांगतात, आणि मग म्हणतात अर्ली डिसिजनने अर्ज करा. अर्ली डिसिजन म्हणजे बांधील, मिळालं तर बाकीच्या कॉलेजांच्या ऑफर बघायला मिळत नाहीत. म्हणून प्री-रीडच्या वेळीच पैशाचा अंदाज पण मागा, तो देतात, मागावा लागतो. अॅडमिशनचं पत्र हातात पडेपर्यंत तोंडी शब्दाला पक्कं समजू नका.

फोन मात्र मुलांनाच करू द्या, पालकांनी मधे पडू नये, कोचला ते आवडत नाही आणि मुलांना पण सवय व्हायला हवी. आम्ही लेकीला एका कागदावर चारच प्रश्न लिहून दिले होते: पुढच्या वर्षी माझ्या पोझिशनला किती गार्ड असतील, गेल्या तीन वर्षांत टीम सोडलेल्यांनी का सोडली, सीझनच्या सुरुवातीला कुणाला काढतात का, आणि आत्ताच्या एखाद्या ज्युनियरशी मला एकटीला बोलता येईल का. चौथ्या प्रश्नावर एका कोचने टाळाटाळ केली, एकाने त्याच दिवशी दोन मुलींचे नंबर पाठवले.

ज्यांनी नंबर पाठवले त्याच कॉलेजात ती आहे. रोस्टर १६ चं. पहिल्या वर्षी तिला सरासरी सहा मिनिटं मिळाली आणि ती तेवढीच मिळणार हे आम्हाला आदल्या वर्षीच माहीत होतं, कारण तिच्यापुढे दोन सीनियर गार्ड होत्या आणि दोघी मिळून साठ मिनिटं खेळायच्या. त्या दोघी मेमध्ये ग्रॅज्युएट झाल्या.